एक हात बाबांचा, एक माझा

सोमवार, दुपारचं दूध तापवून झाल्यावर

प्रिय सोलांज,

फेब्रुवारीत तू निघालीस तेव्हा दारात हातमोजे चढवता चढवता मला एक काम सांगून गेलीस. म्हणालीस, माझ्या लग्नाच्या वरातीपुढे वाजवायला लियोंचे अकॉर्डियनवाले ठरवलेत आणि पहिली माझुर्का मी मार्सेलमामाबरोबर नाचेन, हे बाबांना तूच सांग, पण हळूच सांग, त्यांना लागू देऊ नकोस. मी मान हलवली, तू माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतलेस आणि बस पकडायला पळालीस. तर ते काम मी केलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. बाबांना अजून यातलं काहीही ठाऊक नाही, आणि मला त्याची जराही खंत वाटत नाही. उलट आज मी इतकी फुशारले आहे की सकाळपासून कोंबड्यांनासुद्धा कालची हकिकत ऐकवते आहे.

घरी सगळं ठीक. ब्लाँशेत व्याली, कालवड झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. बाबा आता काठी टेकत चुलीपासून दारापर्यंत जातात आणि दारात उभं राहून मला हुकूम सोडतात. शब्द अजून तेवढेच. हो, नाही, सूप, माझं नाव आणि सगळ्या शिव्या. बाकीची भाषा अर्धांगाच्या झटक्याबरोबर गेली, शिव्या मात्र एकूण एक शाबूत राहिल्या. पाद्रीबाबा भेटायला आले होते, तेव्हा बाबांनी त्यांचं जे स्वागत केलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. पाद्रीबाबा हसले आणि म्हणाले की उच्चार तर अगदी स्पष्ट आहेत.

बाबांचं वाजवणं संपलं असं तू धरलंस, त्यात तू चुकलीस असं मी म्हणत नाही, सोलांज. डॉक्टरांनीही शेवटी तेच मानलं. मागच्या द्राक्षतोडणीच्या वेळी बाबांची उजवी बाजू गेली, तेव्हा त्या तरुण डॉक्टरांनी मला धीर देण्यासाठी विचारलं होतं की डावा हात चांगला आहे ना, मग एका हाताने व्हियेल वाजवता येणार नाही का. मी त्यांना समजावलं की डॉक्टरसाहेब, व्हियेलला डावा हात सूर देतो, पट्ट्या दाबून. पण आवाज येतो तो तारांना घासणाऱ्या चाकातून, आणि चाक फिरवायचा दांडा उजव्या हातात असतो. नुसतं फिरवूनही भागत नाही. मनगटाने नेमक्या जागी हिसका दिला की तारेखालची ती छोटीशी लाकडी घोडी थरथरते आणि गुरगुरते. तिला आम्ही कुत्रं म्हणतो. कुत्रं जिथे भुंकतं तिथे नाचणाऱ्यांचे पाय पडतात. कुत्रं गप्प राहिलं तर व्हियेल चर्चमध्ये चालेल, नाचाला चालणार नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग वाजवणं संपलं. त्याच संध्याकाळी फेर्नांने शेजारधर्म म्हणून व्हियेल पेटीत घालून कपाटावर ठेवून दिली, बाबांच्या नजरेआड.

कपाटावर ती पेटी होती आणि खाली बाबा होते. या खोऱ्यातली एवढ्या वर्षांतली नवरी सांग मला, जी बाबांच्या मागून चर्चला चालत गेली नाही. सकाळी बाबा तिच्या दारात उभे राहायचे, नवरी व्हियेलच्या टोकाला कोरलेल्या बाईच्या गळ्यात आपली रिबन बांधायची आणि मगच वरात हलायची. चिखल असो, बर्फ असो, बाबा पुढे, ग्युस्ताव त्याचा पिशवीचा पावा घेऊन शेजारी, आणि मागे अख्खं गाव. त्या बाईच्या गळ्यात आता इतक्या रिबनी आहेत की तिची मान दिसत नाही. तुझ्या रिबनीसाठी बाबांनी कानाजवळची जागा मोकळी ठेवली होती. ते कधी बोलले नाहीत, पण कोणी तिथे बांधायला गेलं की हात धरून खाली न्यायचे. मी पाहिलंय.

आणि तुला लुसेतचं लग्न आठवतं? तू शाळेत जायला लागली होतीस, नवे बूट घातले होते. आपल्याकडे पहिली माझुर्का नवरीने बापाबरोबर नाचायची, आणि नवरीच्या मागून सगळ्या पोरींनी आपापल्या बापाला ओढून आणायचं. सगळ्या पोरी फिरायला लागल्या आणि तू एकटी बाबांच्या खुर्चीशी उभी. वाजवणाऱ्याच्या पोरीने कोणाबरोबर नाचायचं? मार्सेलमामा तुला न्यायला आला तर तू त्याच्या नडगीवर लाथ मारलीस. शेवटी बाबांनी न थांबता तुला मानेने जवळ बोलावलं, आणि तू आपला इवलासा हात त्यांच्या उजव्या मनगटावर ठेवून पूर्ण माझुर्काभर उभी राहिलीस. मनगट हिसका द्यायचं आणि तू पायाच्या बोटांवर उचलली जायचीस. तेवढाच तुझा नाच. घरी येताना तू गाडीत मला म्हणालीस की मोठी झाल्यावर मी न वाजवणाऱ्या माणसाशी लग्न करीन. करतेयसही तसंच. आंद्रेला शिट्टीसुद्धा धड वाजवता येत नाही, गुणी मुलगा आहे.

माझीही गत तुझ्यापेक्षा काही वेगळी नव्हती. वाजवणाऱ्याच्या बायकोला नवरा सोडून सगळे मिळतात. मी फेर्नांबरोबर नाचले, लोहाराबरोबर नाचले, दोन मेयरांबरोबर नाचले. आन्सेल्मबरोबर, तुझ्या बाबांबरोबर, एकदाही नाही. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वाजवायला दुसरं कोणी पसंत पडेना म्हणून तोच वाजवत बसला. त्याचा मला राग नव्हता, कारण त्याच्यासारखी माझुर्का कोणाची नव्हती. म्हाताऱ्या पेरिशोंकडून त्याने ती घेतली होती, म्हणून आम्ही तिला पेरिशोंचीच म्हणतो. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्यावर टाच उचलून जरासं अधांतरी. बाकीचे वाजवणारे त्या अधांतरी जागेवर घाई करतात. आन्सेल्म तुम्हाला तिथे ठेवायचा, आणि खाली आणायचा तो अलगद.

तर फेब्रुवारीत तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी मी मनाचा हिय्या करून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, आन्सेल्म, सोलांजच्या लग्नाचं जरा बोलायचंय. लग्न हा शब्द ऐकला आणि त्यांचा डावा हात टेबलाच्या कडेवर गेला. बोटं चालायला लागली. मला वाटलं चाळा आहे. मग माझ्या लक्षात आलं की माझी टाच जमिनीवर पडते आहे, उचलली जाते आहे. टेबलाच्या लाकडावर ना सूर, ना चाक, आणि माझ्या पायांनी माझ्याआधी ओळखलं की ही पेरिशोंची माझुर्का आहे. ते तुझ्या लग्नाची तयारी करत होते, पोरी. सगळा हिवाळा करत असणार. मी उठले, स्टुलावर चढले आणि पेटी खाली काढली. तू सांगितलेलं काम तिथेच संपलं.

पुढचे आठवडे मात्र विचारू नकोस. व्हियेल त्यांच्या मांडीवर, पट्टा मी घट्ट बांधलेला, आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला चिकटून बसलेली, अर्धवट वळून, दांडा माझ्या हातात. त्यांचा लुळा हात माझ्या मांडीवर ठेवायचा, नाहीतर मध्ये येतो. सूर पहिल्या दिवसापासून नीट आले, डावा हात काहीही विसरलेला नाही. पण चाक माझ्याकडे होतं, आणि माझ्या हाताला जन्मभर एकच दांडा माहीत, लोण्याच्या पिंपाचा. मी छान एकसारखं गरगर फिरवायची. कुत्रं झोपलेलं. बाबा शिव्या द्यायचे. मी हिसका द्यायला जायची तर कुत्रं भलत्याच जागी भुंकायचं, आणि बाबा आणखी शिव्या द्यायचे. आवाज मऊ यावा म्हणून तारांना थोडा कापूस गुंडाळतात, एकदा मी तो इतका गुंडाळला की चाकाचा आवाजच येईना, तेव्हा तर त्यांनी एक अशी शिवी दिली जी मी फक्त बैलांच्या बाजारात ऐकली होती. मीही त्यांना ऐकवलं. म्हटलं, मग फिरव तू, आहे का हात? बोलून गेले आणि जीभ चावली. पण ते हसले, सोलांज. तोंडाची एकच बाजू हसते आता, पण ती पुरते.

खिडकीतून ऐकू जायचंच. फेर्नां कुंपणापाशी येऊन रोज विचारायचा की ऑर्तान्स, लोणी आलं का? ते मी सहन केलं. ग्युस्तावचं मात्र मला लागलं. त्याच्या घरी मी मुद्दाम गेले होते, म्हटलं आमच्याबरोबर पावा धर, दोघांना आधार होईल. तो म्हातारा चुलीकडे बघत म्हणाला, "नवऱ्याला घेऊन सर्कशीत जा ऑर्तान्स. तिथे अस्वलंही असतात." मी परत निघाले. त्याची बायको फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली की मनावर घेऊ नकोस, आन्सेल्म पडल्यापासून यांनी पावा हातात घेतलेला नाही, पिशवीचं चामडं वाळून कडक झालंय. मग माझा राग गेला. पण हट्ट वाढला.

काल रविवारी चौकात नाचमांडव उभारला होता, तोच तो फळ्यांचा, दर वसंतात फिरत येणारा. मूलँहून दोन तरुण पोरं आली होती, एक अकॉर्डियनवाला आणि एक फिडलवाला, चांगली पोरं. दुपारी ती वाइन प्यायला आणि चरबीचा ब्रेड खायला थांबली, तेव्हा मी फेर्नांला खूण केली. त्याने आणि लोहाराच्या मुलाने बाबांना खुर्चीसकट उचलून वाजवणाऱ्यांच्या फळीवर ठेवलं. मी व्हियेल घेऊन मागोमाग चढले. बाबांच्या डाव्या पायात लाकडी जोडा होता, टाचेने ताल द्यायला, आणि उजव्या पायात कापडी सपात. मला दिसत होतं की बायका एकमेकींकडे बघतायत आणि ग्युस्ताव अगदी मागे, बायकोने ओढून आणल्यासारखा, हाताची घडी घालून उभा आहे. पावा मात्र काखेत होता, तेही मी पाहिलं.

सुरुवात वाईट झाली. कशाला लपवू? घरात जमत होतं तेवढंही जमेना. मी घाबरून बाबांच्या बोटांना नजर लावून बसले, म्हटलं बोटं जातील तसा हिसका देईन. पण बोट दिसून मनगट हलेपर्यंत उशीर होतो. कुत्रं प्रत्येक वेळी पाऊल पडून गेल्यावर भुंकायला लागलं. जोड्या अडखळल्या. फेर्नांची बायको मधेच थांबली आणि दुसरीकडे बघायला लागली, ती मला हसली असती तर बरं वाटलं असतं. माझे डोळे भरून आले आणि मी दांडा सोडणार, इतक्यात बाबा माझ्या कानाशी बोलले.

"पाय बघ, ऑर्तान्स."

शिवी नाही. सूप नाही. पडल्यापासून त्यांच्या तोंडून आलेलं पहिलं सबंध वाक्य. मी मान वर केली आणि बोटांचा नाद सोडला. समोर पाय होते. लोहाराचे बूट, फेर्नांची वाकडी टाच, त्याच्या बायकोचे तपकिरी बूट, ती पुन्हा त्याचा हात धरून फिरायला लागलेली. ते पाय मला बोटांपेक्षा जास्त ओळखीचे, जन्मभर त्यांच्यात मी वावरलेय. पाऊल, पाऊल, आणि तिसऱ्यावर सगळ्यांच्या टाचा उचललेल्या, आणि मला कळलं की आता यांना मी धरून ठेवायचंय. मी धरलं. मग मनगटाने आपोआप हिसका दिला, आणि कुत्रं असं भुंकलं की पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडलं. बाबांच्या लाकडी जोड्याची टाच माझ्या खुर्चीच्या पायांतून मला जाणवत होती. तिसऱ्या फेरीला मागून पाव्याचा आवाज आला, आधी खरखरीत, वाळलेल्या चामड्याचा, मग मोकळा. ग्युस्ताव गर्दीतून वाट काढत, गाल फुगवून, थेट फळीवर येऊन आपल्या जुन्या जागी उभा राहिला. मूलँच्या पोरांनी ग्लास खाली ठेवले, पण ती वाजवायला पुढे आली नाहीत. तेवढं कळत होतं त्यांना.

किती फेऱ्या झाल्या मला माहीत नाही, लोक थांबू देत नव्हते. संपल्यावर टाळ्या वगैरे झाल्या, ते जाऊ दे. ग्युस्तावने पिशवीतली हवा सोडली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आलं लोणी," आणि नाक शिंकरायला पलीकडे गेला. मी इतकी हलकी झाले होते की बाबांना थट्टेने विचारलं, हे पाय बघायचं आधी का नाही सांगितलंस मला? आणि मग सहज विचारलं की तू कोणाचे बघायचास रे, एवढ्या गर्दीत? त्यांना शब्द सापडेना. त्यांनी डावा हात पट्ट्यांवरून उचलला, खाली वाकले आणि माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. मी पुन्हा विचारलं, सगळ्या वेळी? हो म्हणाले. आमच्या लग्नातसुद्धा? हो. मी फेर्नांबरोबर नाचत होते तेव्हाही? त्यावर हो आणि एक शिवी. मी इतकी वर्षं समजत आले होते की मी त्यांच्या माझुर्कावर नाचते. म्हणजे जिथे मी टाच उचलत होते तिथे ते थांबत होते. फळीवर सगळ्यांसमोर मी त्यांचा मुका घेतला, सोलांज, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. तुझे बाबा या खोऱ्यातले सर्वांत मोठे व्हियेलवाले आहेत आणि त्यांचा उजवा हात मी आहे. हे मी आता कोणालाही सांगते.

तेव्हा लग्नाचं असं ठरलंय. फेर्नां गवताची गाडी धुऊन काढणार, वर बाक बसवणार, फांद्या लावणार. वरातीच्या पुढे ती गाडी. बाकावर बाबा आणि मी, शेजारून ग्युस्ताव चालत, पिशवीला तेल लावायला त्याने कालच सुरुवात केली. अकॉर्डियनवाल्यांना जरूर येऊ दे, जेवणानंतर हवं ते वाजवू दे, पण वरातीत त्यांनी मागे चालायचं. तुझी रिबन पांढरी आण, बाकीच्या रंगांत उठून दिसेल, जागा कानाजवळ मोकळीच आहे. आणि मार्सेलमामाला निरोप दे की नवे बूट दुसऱ्या नाचासाठी ठेव. हे लांबलचक पत्र लिहायचं खरं कारण आता सांगते. लग्नाच्या आठवडाभर आधी तू घरी ये, रजा काढ, काही कर. पहिली माझुर्का मी सुरू करीन, पण शेवटच्या फेरीला मी उठणार आहे. तू झगा आवरून माझ्या जागेवर बस, त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घे आणि दांडा धर. आपल्याकडे प्रत्येक नवरी आपल्या बापाबरोबर नाचते, तुझं तेवढं राहायला नको. कुठे हिसका द्यायचा हे तुझ्या हाताला लुसेतच्या लग्नापासून ठाऊक आहे, फक्त मनगट तयार व्हायला आठवडा लागेल. हे मात्र बाबांना मी सांगणार नाही. दारातून आत आलीस की तूच सांग, आणि हळूच नको, चांगलं मोठ्याने सांग.

मनगट सुजलेली आणि त्याचा तोरा मिरवणारी,
तुझीच आई